पाठपोट

कार्डे अकरा आहेत. सगळी साधारण एकाच मापाची, साडेपाच इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद. काहींचे कोपरे झिजून गोल झाले आहेत. एकाच्या पाठीवर शाईचा तांबूस डाग पसरला आहे. अकराही कार्डांवर चर्च आहे आणि एकाही कार्डावर माणूस नाही. मिनेसोटा, आयोवा, दक्षिण डाकोटा या अमेरिकेच्या उत्तर-मध्य राज्यांतील लहान गावांची ही लुथरन चर्चे. लाकडी फळ्यांच्या पांढऱ्या भिंती, वर निमुळत्या होत जाणाऱ्या कमानींच्या खिडक्या, दर्शनी बाजूला घंटेचा चौकोनी मनोरा, त्यावर सुईसारखे शिखर. शेजारी दफनभूमी, नाहीतर घोडे बांधण्याची पडवी. त्यापलीकडे काही नाही. फाल्गुनात पऱ्हाट्या उपटून झाल्यावर आमच्या तापीकाठची शेते जशी उघडी पडतात, तशी क्षितिजापर्यंत सपाट जमीन.

माझी आई ऐंशीच्या पुढची. तिने एक कार्ड हातात घेऊन विचारले, “हाई कोनं देऊळ शे?” मी सांगितले. तिने आणखी दोन-तीन कार्डे पाहिली आणि म्हणाली, “आनि मानसं कोठे गयात?”

हा प्रश्न मला समीक्षकाचा वाटला. छायाचित्रकार आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, चांगले ऊन पाहून आला असणार. चर्च रिकामे असणार. हे झाले व्यावहारिक उत्तर. खरे उत्तर कार्ड उलटल्यावर मिळते. माणसे पाठीवर आहेत. एकाने लिहिले आहे की आपल्या चर्चची नवी घंटा येऊन पोचली, पण मनोऱ्यावर चढवायला माणसे कमी पडतात. एक बाई बहिणीला कळवते की चित्रातल्या डावीकडच्या तिसऱ्या खिडकीखाली मी बसते, तिथे वारा फार येतो. तिने त्या खिडकीवर शाईने बारीकशी फुली केली आहे. एका कार्डावर फक्त हवामान आहे. एकावर कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा पुढे ढकलल्याची बातमी आहे, कारण पाद्री तीन गावांना मिळून एक आहे आणि रस्ते बर्फाने बंद आहेत.

ही कार्डे छापखान्यात छापलेली नाहीत. ती खरी छायाचित्रे आहेत. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०३ मध्ये पोस्टकार्डाच्याच मापाची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा बाजारात आणला. मागे पत्त्याची जागा छापलेला संवेदनशील कागदही मिळू लागला होता. निगेटिव्ह त्या कागदावर ठेवायची, उजेड दाखवायचा, धुवायचे, वाळवायचे. छापखाना नको, हजार प्रतींची मागणी नको. शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावात दहा-वीस प्रती काढणे परवडू लागले. गावाचे आणि चर्चचे नाव निगेटिव्हवरच हाताने उलट अक्षरांत लिहीत. म्हणून कार्डावर ते पांढऱ्या, जरा थरथरत्या अक्षरांत उमटते आणि एखादे अक्षर हमखास आरशातल्यासारखे राहून जाते. तिकिटाच्या जागेभोवती कागदाच्या कंपनीचे नाव आणि चार कोपऱ्यांत चिमुकले त्रिकोण असतात. ‘अ‍ॅझो’ कागदावर चारही त्रिकोण वर तोंड करून असले तर कार्ड साधारण १९०४ ते १९१८ मधले, दोन वर दोन खाली असले तर त्यानंतरचे, असा संग्राहकांचा ठोकताळा आहे. हस्तलिखितांचा काळ कागदाच्या जलचिन्हावरून ठरवणाऱ्यांना हे शास्त्र घरचेच वाटेल.

१ मार्च १९०७ पासून अमेरिकन टपालखात्याने कार्डाची पाठ उभ्या रेघेने दुभागण्यास परवानगी दिली: उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. तोवर पाठीवर फक्त पत्ता लिहिता येई आणि बोलायचे असेल तर चित्राच्या कडेला, आकाशात, गवतात कुठेतरी अक्षरे कोंबावी लागत. परवानगी मिळाली आणि लोक अक्षरशः सुटले. जून १९०८ अखेरच्या एका वर्षात त्या देशात ६७ कोटी ७७ लाख पोस्टकार्डे टपालात पडली. लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आत होती. पुढे मोठा छायाचित्रकार झालेल्या वॉकर एव्हन्सने ही असली कार्डे लहानपणापासून जमवली. त्याची सुमारे ९,००० कार्डे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्याच्या स्वतःच्या छायाचित्रांतला तो समोरून, सरळ, काही न बोलता पाहण्याचा ढंग कुठून आला असेल, हे ही अकरा कार्डे पाहूनही लक्षात येते.

आपल्याकडे सरकारी पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले, पाव आण्याचे. त्याला आपण चित्र लावले नाही. चित्राचे काम आपण कोपऱ्याकडून करून घेतले: कोपरा फाडलेले कार्ड आले की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई, आणि हळदकुंकवाचे बोट लागलेले असले की पोस्टमन दारातूनच ओरडून पेढे मागे. मुंबईच्या रस्त्यांची आणि इमारतींची चित्रकार्डे निघाली, ती साहेबांसाठी आणि प्रवाशांसाठी. पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या माणसाने आपल्या गावच्या मंदिराचे, मशिदीचे, शाळेचे कार्ड आपल्याच बहिणीला पाठवावे, ‘या खांबाला टेकून मी बसतो’ असे फुली करून दाखवावे, हे घडले नाही. गरिबी हे त्याचे एक कारण. पण आपले गाव पाहण्याजोगे आहे, असे कुणीतरी आधी वाटून घ्यावे लागते. ते वाटणेही आपल्याकडे उशिरा आले.

अकरांपैकी पाच कार्डांवरचा मजकूर नॉर्वेजियन भाषेत आहे, एकावरचा जर्मनमध्ये. या गावांतली मंडळी नॉर्वे, स्वीडन, जर्मनीहून आलेली. शेती इंग्रजीत नाही तर मातीच्या भाषेत करत असतील, पण प्रार्थना मायभाषेतच. आयोवातल्या डेकोरा गावी ‘डेकोरा-पोस्टेन’ हे नॉर्वेजियन वृत्तपत्र १८७४ पासून थेट १९७२ पर्यंत निघत होते. एकाच गावची दोन वेगवेगळी लुथरन चर्चे दाखवणारी दोन कार्डेही या गठ्ठ्यात आहेत. त्याचे कारण शोधले तेव्हा गंमत वाटली. मनुष्याचे तारण देव आधीच ठरवून ठेवतो का, या प्रश्नावरून १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्वेजियन लुथरनांत फूट पडली आणि कितीतरी गावांत एकाच भाषेतली, एकच गीते गाणारी दोन चर्चे उभी राहिली. पीठ गिरणीत शेजारी बसणारी माणसे रविवारी दोन दारांनी जात. एका गल्लीतली दोन भजनी मंडळे ज्याने पाहिली आहेत त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. फक्त आपल्याकडे भांडण बहुधा पखवाजावरून असते, पूर्वनियतीवरून नव्हे.

नंतर महायुद्ध आले. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी एक घोषणा काढली. शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, टेलिफोनवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही. सभांतली भाषणे इंग्रजीतच आणि उपासनाही इंग्रजीतच. ज्यांना इंग्रजी कळत नाही त्यांनी आपली उपासना घरी करावी. लोक या घोषणेला बॅबेलची घोषणा म्हणू लागले. शत्रूची भाषा जर्मन होती, पण तडाखा नॉर्वेजियन, डॅनिश, स्वीडिश सगळ्यांनाच बसला. कार्डावरची ती शांत पांढरी चर्चे या तारखेनंतर मला वेगळी दिसू लागली. खिडकीखाली बसणारी ती बाई जूनच्या पहिल्या रविवारी कोणत्या भाषेत गायली असेल?

शेजारच्या नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदाच केला: आठवी उत्तीर्ण होण्याआधी मुलाला कोणतीही परकी भाषा शिकवणे हा गुन्हा. हॅम्प्टन नावाच्या लहानशा गावात झायन लुथरन चर्चची शाळा होती. तिथे रॉबर्ट मायर हे शिक्षक २५ मे १९२० रोजी एका दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधल्या गोष्टी जर्मनमधून वाचायला शिकवत होते. त्यांच्यावर खटला झाला, २५ डॉलर दंड झाला. त्यांनी तो भरण्याचे नाकारले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९२३ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरवला: शिक्षकाला शिकवण्याचा आणि आईबापांना मुलाला शिकवून घेण्याचा अधिकार आहे. अमेरिकन घटनेच्या अभ्यासात हा निकाल आजही वाचला जातो. भाषेच्या शिक्षकांनी तो वाचायला हवा, वकिलांपेक्षाही आधी.

खानदेशात भाषा शिकवणाऱ्याला हे दूरचे वाटू नये. अहिराणीवर बंदी घालणारा कायदा कुणी केला नाही. त्याची गरजच पडली नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात भिल्ली भाषांबरोबर खानदेशीचेही नमुने आहेत, आणि नमुना म्हणून सगळीकडे वापरली आहे ती बायबलमधली उधळ्या मुलाची कथा. म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची गोष्ट आमच्या बोलीत शंभरहून अधिक वर्षांपूर्वी छापली गेली आहे. आमच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. वर्गात तिच्या वळणाने बोलणाऱ्या मुलाकडे मात्र अजूनही माना वळतात.

आता ही कार्डे माझ्याकडे आली कशी ते सांगायला हवे, कारण खरा तंटा तिथे आहे.

आमच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन बी. ए. झालेला आणि नंतर संगणकाच्या वाटेने मिनियापोलिसला पोचलेला एक विद्यार्थी आहे. त्याचे गाव नवापूर तालुक्यात, घरची भाषा मावची, घर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. त्याच्या गावच्या चर्चला शंभर वर्षे होत होती आणि मंडळी स्मरणिका काढणार होती. ‘मॅडम, मजकूर तुम्ही बघा’, असे त्याने फोनवर सांगितले आणि मी होकार दिला. मी ख्रिस्ती नाही, आदिवासीही नाही. मला बोलावले ते शुद्धलेखनासाठी, हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट झाले.

थोडा इतिहास इथे आवश्यक आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचा पुढे जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा निघाला. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स काम करू लागले. पश्चिमेकडच्या भिल्ल-मावची भागात विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. हे मिशन फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत स्थापन केलेले. फ्रान्सन १८५२ मध्ये स्वीडनमध्ये जन्मले आणि तरुणपणी कुटुंबाबरोबर नेब्रास्कात स्थायिक झाले. १९४९ मध्ये मिशनचे नाव बदलून दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन झाले. चिंचपाड्याचे १९४२ मधले रुग्णालय त्याच मिशनचे.

काटेकोर बोलायचे तर ही मंडळी लुथरन नव्हेत. नाव आणि परंपरेने लुथरन म्हणावीत अशी चर्चे आपल्या सीमेपलीकडे, छिंदवाडा-बैतूलच्या बाजूला आहेत. ती स्वीडिश मिशनची. पण अलायन्सचे कार्यकर्ते ज्या वस्त्यांतून येत होते त्या याच: लुथरन घरात जन्मायचे, पांढऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा, आणि तिथली पाटी-पुस्तकी धर्मव्यवस्था थंड वाटली की एखाद्या जागृतीच्या सभेत पेटून बाहेर पडायचे. माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या आजोबांना ज्यांनी पाण्यात उतरवले त्यांच्या आठवणीत असे एखादे शिखर असणारच. मिनियापोलिसच्या जुन्या बाजारात त्याला ही कार्डे दिसली आणि त्याने ती विकत घेतली, ती या ओळखीच्या ओढीने. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते: जुने चर्च सापडत नाही तोवर हे पाहा.

जुने चर्च सापडत नव्हते. शंभर वर्षांपूर्वीची झोपडीवजा इमारत पुढे पाडली, तिच्या जागी विटांची झाली, तीही पाडून आता सिमेंटची आहे. पहिल्या इमारतीचे छायाचित्र गावात कुणाकडे नाही. आणि समितीला ते स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर हवेच होते. त्यात निव्वळ हौस नव्हती. धर्मांतरित आदिवासींच्या सवलती काढाव्यात अशी मागणी हल्ली जोरात होते, ‘तुम्ही केव्हापासून?’, ‘कुणी आणले?’ असे प्रश्न बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारले जातात. जुने छायाचित्र म्हणजे आम्ही काल आलेलो नाही याचा कागद. राजवाड्यांच्या धुळ्यात राहणाऱ्या मला कागदाची ही भूक नवी नाही. एकही चिठोरा टाकून द्यायचा नाही, हे त्या माणसाने आम्हाला शिकवले. पण आमच्या दप्तरांत सनदा आहेत, निवाडे आहेत, वतनाचे तंटे आहेत; कुडाच्या भिंतीचे प्रार्थनाघर दप्तरात कसे येणार?

तेव्हा समितीतल्या दोन तरुणांनी मार्ग काढला. या अकरांतले एक चांगलेसे कार्ड मुखपृष्ठावर घ्यावे. खाली काही लिहायचे नाही. जुने चर्च असेच दिसते, पाहणाऱ्याला कळते.

मी विरोध केला. जे चर्च आपले नाही ते आपल्या स्मरणिकेवर कसे? त्यावर एक वडीलधारे गृहस्थ, निवृत्त मुख्याध्यापक, शांतपणे म्हणाले, “मॅडम, आमच्या नव्या चर्चचे शिखर तुम्ही पाहिले का?” मी पाहिले होते. सिमेंटचे, टोकदार, पांढरे. खिडक्या निमुळत्या कमानींच्या. “ते कुठून आले? दरवर्षी नाताळात वाटतात त्या कॅलेंडरवरून. गवंड्याला आम्ही कॅलेंडर दाखवले. आता शिखर चालते आणि चित्र चालत नाही, असे कसे?”

याचे उत्तर सोपे नव्हते. समितीतल्या एका तरुण शिक्षिकेने वेगळा मुद्दा काढला: उद्या कुणी हेच मुखपृष्ठ हातात धरून म्हणेल, बघा, ह्यांचे चर्च अमेरिकेत आहे. मुख्याध्यापक म्हणाले, “म्हणणारे तसेही म्हणतात.” बैठक तिथेच थांबली, चहा आला.

परदेशी मिशनांची छायाचित्रे आता बरीचशी पाहायला मिळतात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने जगभरच्या मिशनांच्या छायाचित्रांचा संग्रह खुला केला आहे, बाझल मिशनचा संग्रहही पाहता येतो. त्या निमित्ताने मी आणि तो विद्यार्थी, तो त्याच्या रात्री आणि मी माझ्या सकाळी, कितीतरी तास त्यांतून फिरलो. गाव सापडले नाही. पण एक गोष्ट दिसत गेली आणि ती त्या अकरा कार्डांमुळेच दिसली. हिंदुस्थानातल्या या चित्रांत चर्च क्वचितच रिकामे असते. पुढे माणसे भरलेली असतात: खुर्चीवर पाद्रीसाहेब आणि मडम, मागे रांगेत उभे पुरुष, जमिनीवर बसलेल्या बायका आणि उन्हाने डोळे बारीक केलेली पोरे. खाली साहेबांचे नाव असते, मडमचे असते. बाकीचे ‘देशी ख्रिस्ती’. ही चित्रे वर्गणी देणाऱ्या दूरच्या मंडळींना दाखवण्यासाठी काढलेली होती. तिकडच्या एखाद्या थंड गावात, कदाचित त्याच पांढऱ्या चर्चच्या तळघरात, कॉफी पिता पिता ती हातोहात फिरली असतील. ज्यांचे चेहरे त्यांत आहेत त्यांना त्याची प्रत मिळाल्याचे आम्हाला कुठे दिसले नाही.

मिनेसोटाच्या कार्डावर माणूस नाही, पण ते कार्ड तिथल्याच माणसाने तिथल्याच माणसाला लिहिलेले आहे. फुली करणारीला ठाऊक आहे की बहिणीला ती खिडकी ठाऊक आहे. आमच्या भागातल्या चित्रात माणसे दाटीने उभी आहेत, आणि मजकूर मात्र तिसऱ्याने चौथ्याला लिहिलेला. धर्मप्रसारावर टीका करायची म्हणून मी हे म्हणत नाही. त्या लोकांनी दवाखाने काढले, शाळा काढल्या, त्यांतल्या काहींनी तापाने इथेच प्राण सोडले. पण ‘लिहितो कोण, कुणाला?’ हा प्रश्न आपण कवितेला विचारतो तर कार्डाला का विचारू नये?

मराठी ख्रिस्ती जीवनाचे असे आतल्याने आतल्याला लिहिलेले कार्ड आपल्याकडे नाही का? आहे, आणि त्याच्या नावातच चित्र आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे ती शिकवताना एक गोष्ट मला जाणवत आली आहे: या पुस्तकात चर्चची इमारत फारशी दिसत नाही. घर दिसते, स्वयंपाक दिसतो, उंबरठा दिसतो, कुणाच्या हातचे पाणी प्यावे याचा मनातला झगडा दिसतो, दारात येऊन पडलेली परकी पोरे दिसतात. त्या पोरांत आमच्या धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरेही आहे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटले; पण मराठी वाचकाच्या मनात त्याचे जे रूप आहे, रुसणारे, हरवणारे, जेवायला बोलवावे लागणारे, ते लक्ष्मीबाईंनी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) आपल्या घरातून दिलेले आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला. आयोवात ती घोषणा निघाली तो हाच महिना. अर्थात या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तारखा जुळवत बसण्याची ही शिक्षकी खोड.

पुढच्या बैठकीत मी ‘स्मृतिचित्रे’ सोबत नेली नाही. तिथे ती नगरच्या ब्राह्मणघरची बाई ठरली असती, आणि ते खरेही आहे. मी एवढेच म्हटले की छायाचित्र नसेल तर पाहिलेल्याला विचारू या. माझ्या विद्यार्थ्याची आजी नव्वदीच्या घरात आहे. पहिले चर्च पाडले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. त्या शिक्षिकेने दोन दुपारी आजीजवळ बसून तिचे बोलणे मावचीत, देवनागरी अक्षरांत, तसेच्या तसे उतरवून घेतले. मराठी करू नका, अशी माझी अट होती. मुख्याध्यापकांना ती पटली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कोण वाचणार, असे ते म्हणाले. अखेर मावची डावीकडे आणि मराठी उजवीकडे छापायचे ठरले.

आजीच्या चर्चला शिखर नव्हते. भिंती कुडाच्या, शेणाने सारवलेल्या. पावसाळ्यात पश्चिमेची भिंत दरवर्षी भिजे आणि दिवाळीनंतर बायका ती पुन्हा लिंपत. छप्पर आधी गवताचे, मग नळीच्या कौलांचे. बाके नव्हती. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मध्ये चालण्यापुरती वाट. (नॉर्वेजियन लुथरनांतही जुन्या काळी बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे बसत, असे वाचल्याचे मी शिक्षिकेला सांगितले, ती म्हणाली, आमच्या लग्नाच्या मांडवातही तसेच बसतात, त्यात काय!) सागाचे खांब सहा. प्रत्येक खांब कुणाच्या शेतातून आला, कुणाच्या बैलांनी ओढला, हे आजीला पाठ आहे. तिने सतरा नावे सांगितली. त्यांतली दोन बायकांची होती. एक खांब जरा वाकडा होता आणि तो तिच्या मामाचा होता, म्हणून त्याला टेकून बसण्याचा हक्क तिचा. हे ऐकताना मला खिडकीवरची ती शाईची फुली आठवली. न आठवणे शक्यच नव्हते.

घंटाही नव्हती. नवापूरवरून तापी खोऱ्याची रेल्वे जाते. तिच्या रुळाचा हातभर तुकडा कुणीतरी आणून आंब्याला टांगला होता, आणि लोखंडाच्या खिळ्याने तो वाजवत. आवाज नदीपलीकडे जाई.

स्मरणिका निघाली. मुखपृष्ठावर आजचे सिमेंटचे चर्च आहे, रंगीत, रोषणाईसह. बहुमताने तसे ठरले आणि तो त्यांचा अधिकार होता. मला ते चित्र आवडत नाही. मिनेसोटाचे एक कार्ड आत, मिशनच्या इतिहासाच्या पानावर लहान आकारात छापले आहे आणि त्याखाली ते कुठले आहे ते स्वच्छ लिहिले आहे. मधली सहा पाने आजीची. सतरा नावे ठळक अक्षरांत, बायकांची दोन नावे त्यांच्या त्यांच्या जागी. ती शेवटी घ्यावीत अशी एक सूचना होती, ती आजीनेच मोडून काढली. मावचीतल्या काही ध्वनींना देवनागरीत नेमके चिन्ह नाही, तिथे शिक्षिकेने अक्षराखाली टिंब दिले आहे. ते मुद्रितशोधकाने दोनदा चुकीचे समजून काढले आणि आम्ही तीनदा परत घातले.

त्या पानांसाठी एक छायाचित्र मात्र मिळाले. रुळाचा तो तुकडा, आंबा पडल्यानंतर, गावच्या जिल्हा परिषद शाळेने नेला होता. तो आजही तिथे व्हरांड्यात टांगलेला आहे आणि त्याच्यावरच शाळा भरते-सुटते. चांगल्या उजेडात अंगणात ठेवून फोटो काढावा म्हणून आम्ही तो उतरवून मागितला, पण गुरुजींनी उतरवू दिला नाही. मधली सुट्टी व्हायला दहा मिनिटे होती. तेवढ्यात जागेवरच काढावा लागला. त्यात कडेला एका मुलीचा हात खिळा घेऊन आलेला आहे.